परिष्ठापन समिती आणि आपल्या गोदामातील कचरा

मुनींच्या पाच समित्यांपैकी पाचवी समिती टाकून देण्याविषयी आहे. श्वेतांबर परंपरेत तिला परिष्ठापनिका समिती म्हणतात, दिगंबर परंपरेत प्रतिष्ठापन किंवा उत्सर्ग समिती. नकोशी झालेली वस्तू कोठेही टाकावयाची नाही. जागा पाहावयाची, तेथे जीव आहेत काय हे न्याहाळावयाचे आणि मगच विसर्जन करावयाचे, असा तिचा आशय आहे. वस्तू हातातून सुटली तरी तिची जबाबदारी सुटत नाही, हा विचार आपल्या आचारशास्त्रात शतकानुशतके आहे. व्यापारी कुटुंबांनी तो आपल्या गोदामाला लावून पाहण्याची वेळ आली आहे.

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले हिंगणी हे गाव उदाहरणादाखल घेऊ. गावाजवळ बोर धरण आहे. त्याला लागून असलेल्या जंगलास 1970 साली अभयारण्याचा आणि 2014 साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भोवती कापसाची शेती. अशा परिसरातील कृषी केंद्रात मुदत संपलेली कीटकनाशके साठतात, वाहनदुरुस्तीच्या दुकानात वापरलेले तेल साठते, कारखान्यात रसायनांचे रिकामे पिंप साठतात. धोकादायक व अन्य अपशिष्टांसंबंधीच्या 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार या तिन्ही वस्तू 'धोकादायक कचरा' ठरतात. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहे. त्याची चर्चा आचार्य व पंडितांनी करावी. परंतु ज्याच्या दुकानातून विष गेले, त्याच्यावर उरलेल्या विषाचा भार येतो, एवढे तर कोणीही मान्य करील.

हा कचरा हिंगणीतच पुरता येणार नाही काय? नाही. विदर्भाच्या या भागात काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे. माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खडकाच्या फटींतून पाणी दूरवर झिरपते. आज बांधावर पुरलेला डबा उद्या कोणाच्या विहिरीत उतरेल, हे सांगता येत नाही. म्हणूनच अशा कचऱ्यासाठी जागेची निवड हीच पहिली सुरक्षा मानली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे सुरक्षित भूभराव वस्तीपासून किमान 500 मीटर आणि नदीपासून किमान 100 मीटर दूर असावा लागतो. वन्यजीवांच्या महत्त्वाच्या अधिवासात व पाणथळ जागी तो चालत नाही. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी सामायिक केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी नागपूर जिल्ह्यातील बुटीबोरी हे आपल्याला जवळचे.

अशा केंद्राची रचना बँकेच्या अधिकाऱ्याला चटकन उमगते, कारण ती तिजोरीखोलीसारखी असते. फरक इतकाच की, तिजोरीत आतला ऐवज बाहेरच्यांपासून जपावयाचा असतो, आणि येथे बाहेरचे जग आतल्या ऐवजापासून जपावयाचे असते.

सर्वांत बाहेर कुंपण, झाडांचा पट्टा आणि दिवसरात्र पहारा. गुरे, भंगार वेचणारी मुले व चोर या तिघांनाही आत येऊ द्यावयाचे नाही. पिंप चोरीला गेला, तर तो कोणाच्या तरी घरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरला जाण्याची भीती असते. फाटकाशी वजनकाटा आणि नोंदवही. त्यापुढे प्रयोगशाळा, आलेला माल कागदावर लिहिल्याप्रमाणे आहे की नाही, हे नमुना तपासल्याशिवाय तो उतरवला जात नाही. एकमेकांशी संयोग होऊन पेट घेणारी रसायने वेगवेगळ्या छपरांखाली ठेवावी लागतात. आगीसाठी पाण्याचा साठा व फेसाची सोय लागते; आणि आग विझवताना वाहिलेले दूषित पाणी ओढ्यात न जाता आतल्याच टाकीत यावे, असा उतार काढावा लागतो. पावसाचे बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून भोवती चर असतात.

सर्वांत आतला भाग म्हणजे खड्डा. त्याच्या तळाशी घट्ट दाबलेल्या चिकणमातीचा थर आणि त्यावर 1.5 मिलिमीटर जाडीचे एचडीपीईचे अस्तर असते. जास्त पावसाच्या जागी अशी दोन अस्तरे घालतात. अस्तरावर खडीचा थर व नळ्या असतात. कचऱ्यातून पाझरणारे पाणी त्यांतून गोळा करून शुद्धीकरणाला नेतात. अस्तर फाटले तर कळावे म्हणून भोवती निरीक्षण विहिरी खणतात. जे जाळावयाचे, ते भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे 1100 अंश सेल्सिअस तापमानाला किमान 2 सेकंद राहावे लागते. खड्डा भरून बंद झाल्यावरही 30 वर्षे देखरेख अपेक्षित आहे. तीस वर्षे म्हणजे एक पिढी. तेवढ्या मुदतीचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवला नसेल, तर ताळेबंद कितीही देखणा असो, तो अपुरा आहे.

मात्र भिंत आणि अस्तर यांनी सगळे काम भागत नाही, हे बुटीबोरीनेच दाखवले आहे. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला सुमारे साडेतीनशे टन विषारी कचरा बुटीबोरी येथील डीआरडीओच्या भट्टीत जाळावा, असा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने 2011 साली दिला होता. येथे विरोध झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, महाराष्ट्र शासनानेही नकार दिला आणि कचरा आला नाही. अखेर 2025 च्या जानेवारीत 12 बंद कंटेनरांतून, पोलीस बंदोबस्तात, तो मध्य प्रदेशातील पिथमपूरला नेण्यात आला. तेथेही लोक रस्त्यावर उतरले. चाचण्यांनंतर जूनअखेर तो जाळून झाला. मग राखेचे काय, हा प्रश्न उभा राहिला. दुर्घटना ते भट्टी या प्रवासाला चाळीस वर्षे लागली. यात यंत्राचा दोष जितका, त्याहून अधिक विश्वासाचा अभाव होता. भोवतालच्या गावांना मोजमापाचे आकडे वेळेवर व त्यांच्या भाषेत मिळाले नाहीत, तर उंच कुंपण संशयच वाढवते.

आता आपल्याकडे वळू. केंद्राचे फाटक मजबूत असले तरी माल तेथवर पोहोचला पाहिजे. भंगारवाला पिंपाचे पैसे देतो आणि केंद्र उलट शुल्क घेते; खरी परीक्षा या ठिकाणी आहे. तेव्हा व्यापारी बांधवांनी चार गोष्टी पाळाव्यात. एक, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची आवश्यक ती परवानगी घ्यावी. दोन, असा माल छपराखाली, पक्क्या फरशीवर, कुलपात आणि नावाची चिठ्ठी लावून ठेवावा. नियमाने ही साठवण 90 दिवसांपेक्षा अधिक नसावी. तीन, माल अधिकृत वाहनानेच पाठवावा आणि त्यासोबतच्या पत्रकाच्या 7 प्रतींपैकी पिवळी प्रत जपून ठेवावी. केंद्राने माल स्वीकारल्याची निळी प्रत परत आली की दोन्ही ताडून पाहाव्यात. चार, रिकामा पिंप कोणालाही, ओळखीच्या माणसालासुद्धा, देऊ नये.

चुकीच्या हाताळणीमुळे पर्यावरणाची किंवा त्रयस्थाची हानी झाली, तर तिची भरपाई माल बाळगणाऱ्यावर आणि केंद्र चालवणाऱ्यावर येते, असे नियम म्हणतो. कायद्याची ही भाषा आपल्याला नवी वाटू नये. वर्षअखेरीला आपण चोपडीतली प्रत्येक बाकी शोधून काढतो. गोदामाच्या कोपऱ्यात पडलेला गंजका पिंप हीसुद्धा आपल्या नावावरची बाकीच आहे. आणि ती आपण चुकती केली नाही, तर हिंगणीची विहीर, बोरच्या काठी पाण्यावर येणारे जनावर आणि मातीतला डोळ्यांना न दिसणारा जीव यांना ती चुकती करावी लागेल.