तंबाखू भुंगेरा
तंबाखू भुंगेरा (शास्त्रीय नाव: लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने) हा साठवलेल्या तंबाखूला लागणारा, २ ते ३ मिलिमीटर लांबीचा तांबूस तपकिरी कीटक होय. हळकुंडे व सुक्या मिरच्याही तो सोडत नाही. सिगार पोखरतात त्या मात्र अळ्या. प्रौढ भुंगेरा बाहेर पडताना टाचणीने टोचल्यासारखे छिद्र मागे ठेवतो आणि ते दिसेपर्यंत आतील नासाडी झालेली असते. सिगारला आवश्यक असलेली ७० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता या किडीलाही मानवते. त्यामुळे संग्राहकाच्या हाती तापमान तेवढे उरते. पेटी २० अंश सेल्सियसखाली ठेवल्यास अंडी सहसा फुटत नाहीत. कीड लागल्यास सिगार हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर काही दिवस गोठवतात. नंतर एक दिवस शीतकपाटात ठेवूनच बाहेर काढतात, अन्यथा वेष्टनाचे पान तडकते. कीटकनाशक फवारणे सर्वस्वी वर्ज्य, कारण ते धुरावाटे फुप्फुसांत जाते.