नस, सुई आणि दुसऱ्या दिवसाचा ठणका

दाढ ठणकत असली की माणूस दवाखान्याच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचतो. 'मशीनने वेदनारहित रूट कॅनल' ही त्यातली लाडकी ओळ. हे मशीन काय चीज आहे, ते मी खुर्चीत आडवं पडल्यावर पाहिलं. ट्रेमध्ये रंगीत मुठींच्या सुया ओळीने मांडलेल्या. त्यांना फाइल म्हणतात. पांढरी १५ नंबरची, पिवळी २० ची, लाल २५ ची. नंबर म्हणजे टोकाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. प्रत्येकीवर एक रबरी चकती होती. मुळाची लांबी मोजायची, चकती तिथवर सरकवायची, म्हणजे सुई कुठे थांबवायची ते कळतं. पुढच्या दुखण्याचा बराचसा हिशेब त्या चकतीपाशी आहे.

अमेरिकेतला दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड याने १८३८ मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगमधून असं पहिलं हत्यार घडवलं. गंमत म्हणजे याच गृहस्थाच्या नावाची बंदूक पुढे तिथल्या यादवी युद्धात वापरली गेली. दारूगोळ्याशी या सुईचा संबंध पुन्हा एकदा आला. पोलादी फाइल वाकड्या मुळात शिरली की सरळ होऊ पाहते आणि भिंत भलतीकडे खरवडते. त्यावरचा उतारा ठरलेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, नायटिनॉल, अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत सापडला. त्याची तार आधी वेडेवाकडे दात सरळ करायला वापरात आली. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी त्याच तारेतून १५ नंबरच्या फाइल कोरल्या. त्या पोलादापेक्षा दुप्पट-तिप्पट लवचीक निघाल्या. मग त्या मोटरवर चढल्या. मशीन ते हेच.

आता ठणक्याकडे. हाताने फाइल वर-खाली करताना ती सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखी चालते: नसेचा चोथा, जंतू, दाताचा भुगा यांतलं थोडं मुळाच्या टोकाबाहेर ढकललं जातं आणि तिथल्या ऊती सुजतात. गोल फिरणारी फाइल सुताराच्या गिरमिटासारखी भुगा वर काढते. फाइल थोडी पुढे, थोडी मागे फिरवत, एकाच फाइलवर काम उरकायची कल्पना यारेद यांनी २००८ मध्ये मांडली. वेव्हवन आणि रेसिप्रोक ही त्या चालीची हत्यारं २०११ मध्ये बाजारात आली. बाहेर किती भुगा पडतो, हे उपटलेला दात छोट्या नळीच्या झाकणात बसवून, खाली साचलेलं वाळवून तोलतात. बुर्कलाइन आणि शेफर यांच्या २०१२ च्या अशा प्रयोगात पुढे-मागे चालणाऱ्या फाइलींनी जास्त भुगा ढकलला. पण नळीतल्या दाताभोवती ना हाड, ना ऊती. त्या वजनावरून माणसाचं दुखणं सांगणं मला धाडसाचं वाटतं.

खऱ्या रुग्णांवरच्या चाचण्यांत दुखणं रुग्णच एका रेघेवर खूण करून सांगतो. आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांतही असं काम पुष्कळ झालं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत हातापेक्षा मोटर उजवी, असा एकूण कल दिसतो. गोल की पुढे-मागे, यावर मात्र निकाल एकमेकांशी भांडतात. शिवाय डॉक्टरला आपल्या हातात कोणतं हत्यार आहे ते दिसतच असतं.

पाक आणि व्हाइट यांनी २०११ मध्ये बऱ्याच चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला. उपचाराआधी शंभरातल्या ८१ जणांना दुखत होतं, चोवीस तासांनी ४० जणांना, आठवड्याने ११ जणांना. शंभराच्या मापावर तीव्रता ५४ वरून २४ वर आणि मग ५ वर आली. आधी जितकं दुखत असेल, तितका नंतरच्या दुखण्याचा धोका जास्त, हेही पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. पाटीवर हे कोण लिहिणार!

दुसऱ्या दिवशी ठणका लागला तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि 'तुमचं मशीन कोणतं?' असं जरा घुश्शातच विचारलं.

"काका, परवा रात्री झोप लागली होती?"

"डोळ्याला डोळा नाही."

"आणि काल?"

"काल लागली. पण आज भाकरी चावली आणि..."

"कसली भाकरी?"

"बाजरीची."

"दोन दिवस मऊ भात खा," त्या म्हणाल्या, "आणि त्या बाजूने चावू नका."