विकत घेतलेली पत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या माझ्या पुतण्याने काही वर्षांपूर्वी दुकानाचे संकेतस्थळ सुरू केले. राजापुरी हळकुंडे, दळलेली पूड, घरपोच सेवा असा सरळ व्यवहार होता. मागणी सावकाश वाढत होती. पण सावकाश हा शब्द तरुण माणसाला मानवत नाही. एका एजन्सीचा फोन आला, ‘ठोक रक्कम द्या, दोन हजार बॅकलिंक देतो, महिन्याभरात गूगलच्या पहिल्या पानावर.’ त्याने पैसे भरले. काही आठवडे संकेतस्थळ खरोखरच वर चढले. मग ऐन लग्नसराईच्या तोंडावर एका सकाळी ते शोधातून जवळजवळ दिसेनासे झाले. दळून ठेवलेला माल गोदामात पडून राहिला आणि पॅकिंगच्या कामाला येणाऱ्या दोन भगिनींना घरी बसवावे लागले.

‘काका, सगळेच असे करतात. मग माझेच काय चुकले?’ त्याने मला विचारले. संगणकाच्या विद्येत मी त्याचा शिष्य शोभेन. पण एजन्सीने दिलेली यादी पाहिल्यावर मला वाटले, हा प्रकार मी ओळखतो. बँकेच्या कर्ज विभागात असे कागद मी पुष्कळ पाहिले होते.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून आपल्या संकेतस्थळाकडे येणारा दुवा. या दुव्याला मोल आले ते स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांमुळे. १९९८ साली त्यांनी गूगलची कंपनी स्थापन केली. पानावर एखादा शब्द किती वेळा आला एवढ्यावरून पानाची योग्यता ठरवणे सोपे होते, पण फसवेही होते. ‘उत्तम हळद’ शंभर वेळा लिहिल्याने हळद उत्तम होत नाही. या दोघांनी वेगळा विचार केला. इतर किती जण या पानाकडे बोट दाखवतात आणि बोट दाखवणाऱ्यांची स्वतःची योग्यता काय, हे त्यांनी मोजले. या पद्धतीला ‘पेजरँक’ असे नाव मिळाले. पतवान पानावरून आलेला एक दुवा शंभर अनोळखी दुव्यांपेक्षा जड ठरू लागला. आज गूगल याखेरीज इतर अनेक गोष्टी पाहते, परंतु दुव्याचे महत्त्व संपलेले नाही.

आपल्या वाडवडिलांना ही रीत नवी वाटली नसती. हुंडीवर त्यांचा व्यवहार चालत असे. हुंडी कागदावर नव्हे, कागदावरील सहीच्या पतीवर वटत असे. शाहजोग हुंडीची रक्कम कोणालाही देता येत नसे. ती बाजारात पत असलेल्या शहालाच द्यायची. हुंडीच्या पाठीवर सही करणारा पेढीवाला ‘यात माझीही जबाबदारी आहे’ असे सांगत असे. दुवा म्हणजे अशीच पाठीवरची सही होय.

आणि म्हणूनच खोट्या सह्यांचा बाजारही भरला. बँकेत आम्ही ‘अकोमोडेशन बिल’ नावाच्या कागदापासून सावध राहत असू. मालाची देवघेव नसताना दोन व्यापारी एकमेकांवर बिले काढतात आणि ती बँकेत वटवून पैसा उचलतात. कागद निर्दोष, सह्या खऱ्या. फक्त मागे व्यवहार नसतो. ‘तू माझा दुवा दे, मी तुझा देतो’ अशी घाऊक देवाणघेवाण हे त्याचेच नवे रूप आहे. पुतण्याच्या यादीत परदेशी जुगाराची पाने होती, मालक नसलेली ओसाड संकेतस्थळे होती आणि कोणत्याही विषयावरील चर्चेत घुसून टाकलेली, एकाच साच्याची शेकडो उत्तरेही होती. मोटारीच्या दुरुस्तीवर चर्चा चालू आहे आणि मध्येच कोणी लिहितो, ‘सांगलीची हळद येथे मिळेल.’ हळदीची पारख असलेला एकही माणूस त्या यादीत नव्हता.

या लबाडीवर इलाजही जुनाच निघाला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा १८८१ चा. हुंडी वा धनादेशाच्या पाठीवर सही करताना ‘माझ्यावर जबाबदारी नाही’ असे स्पष्ट लिहिण्याची सोय त्यात आहे. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून दुव्यासाठी तशीच खूण स्वीकारली. तिला ‘नोफॉलो’ म्हणतात. दुवा आहे, पण आमची शिफारस नाही, असा तिचा अर्थ. चर्चेच्या आणि प्रश्नोत्तरांच्या बहुतेक मोठ्या ठिकाणी वाचकांनी टाकलेल्या दुव्यांवर अशी खूण आपोआप लागते. विकिपीडियानेही २००७ पासून बाहेर जाणाऱ्या दुव्यांना ती लावली. सप्टेंबर २०१९ मध्ये पैसे देऊन मिळवलेल्या आणि वाचकांनी टाकलेल्या दुव्यांसाठी गूगलने आणखी दोन वेगळ्या खुणा आणल्या. म्हणजे पैसे देऊन दुवा घेणे सरसकट निषिद्ध नाही. जाहिरात ही जाहिरात आहे असे सांगून केली तर चालते. जाहिरातीला शिफारशीचे सोंग देणे निषिद्ध आहे.

हे सोंग मोठमोठ्यांनाही महागात पडले आहे. अमेरिकेतील जे. सी. पेनी ही जुनी नामांकित दुकानांची साखळी. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले की, हजारो असंबद्ध पानांवर तिचे दुवे पेरलेले आहेत. गूगलने कारवाई केली. प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेली ही कंपनी दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेली. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले आणि शोधाचे काम पाहणाऱ्या सल्लागारांना काढून टाकले. पुढे एप्रिल २०१२ पासून गूगलने ‘पेंग्विन’ या नावाने अशा दुव्यांची तपासणी यंत्राकडेच सोपवली.

मुनीम चुकला म्हणून पेढी सुटत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. माझ्या पुतण्याचेही तेच झाले. दुवे एजन्सीने पेरले, पण नाव त्याचे होते.

‘सगळेच करतात’ या त्याच्या शब्दांकडे मात्र मला परत यावेसे वाटते. श्रावकाच्या सत्याणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांतील एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार येतो. अस्सल मालात नकली मिसळून तो अस्सल म्हणून विकणे. हळदीत मेटॅनिल यलो मिसळणाऱ्याला आपण पापी म्हणतो. मग खऱ्या शिफारशींत दोन हजार नकली शिफारशी मिसळणे याला काय म्हणावे? मी हे त्याला रागाने म्हटले नाही. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘काका, आता निस्तरायचे कसे?’

निस्तरण्याची रीत पाहून मला प्रतिक्रमण आठवले. गूगलच्या सर्च कन्सोल या विनामूल्य सोयीत आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांची यादी मिळते. ती पानापानाने तपासायची. खोटा दुवा जिथे आहे तिथे लिहून तो काढून टाकायची विनंती करायची. जे निघत नाहीत ते ‘हे आमचे मानू नका’ म्हणून कळवायचे. त्यानंतर फेरविचाराचा अर्ज करायचा, त्यात काय चुकले, ते सुधारण्यासाठी काय केले आणि पुढे तसे होणार नाही, हे स्पष्ट लिहायचे. पुतण्याने रात्री दुकान बंद झाल्यावर कित्येक दिवस हे काम केले. अखेर दंड उठला, पण जुना क्रमांक आला नाही. तो यायचाच नव्हता. तो खोट्या सह्यांवर उभा होता.

मग त्याने हळदीबद्दल स्वतःला जे माहीत होते ते लिहायला घेतले. राजापुरी आणि सेलम यांत फरक काय. हरिपूरच्या पेवांमध्ये हळद कशी साठवत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा ग्राहकाला उपयोग काय. ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड टाकली तर खरी हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते आणि रंग मिसळलेली पाणी गडद पिवळे करते, हेही लिहिले. ओली हळद वर्ज्य असणाऱ्या घरात सुकी का चालते, हा प्रश्न आपल्याकडचे ग्राहक नेहमी विचारतात; त्याचेही उत्तर दिले. चर्चेच्या ठिकाणी जाणे त्याने सोडले नाही. आता तो स्वतःच्या नावाने, हळदीचा प्रश्न असेल तिथेच, पूर्ण उत्तर देतो आणि स्वतः व्यापारी असल्याचे आधी सांगतो. दुवा गरज असेल तरच देतो. त्या दुव्याला गूगल फारसे मोल देत नसेल. पण उत्तर वाचणारा माणूस ग्राहक होऊ शकतो.

आपल्या घरातील मुले आज संकेतस्थळे काढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना पैसे देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी एजन्सीला तीनच प्रश्न विचारावेत. दुवे कोणकोणत्या पानांवरून येणार, त्यांची यादी आधी मिळेल का? ती पाने आमच्या धंद्याशी संबंधित आहेत का? पैसे देऊन घेतलेल्या दुव्यांवर तशी खूण असेल का? उत्तर टाळले गेले तर व्यवहार तिथेच थांबवावा.

गेल्या महिन्यात पाककृती लिहिणाऱ्या एका गृहिणीने पाण्याच्या परीक्षेचे ते पान वाचले आणि आपल्या लेखातून त्याचा दुवा दिला. पुतण्याने तिला काही दिले नव्हते. त्यांची ओळखही नव्हती. त्याने रात्री फोन करून मला ही बातमी सांगितली. पॅकिंगच्या कामावर दोघींपैकी एक भगिनी परत येऊ लागली आहे. दुसरीलाही लवकर बोलावता यावे, एवढीच त्याची इच्छा आहे.