आरोप, मत आणि निकाल

माजी मंत्री छगन भुजबळांना दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकाम प्रकरणाशी जोडलेल्या आरोपांवरून मार्च २०१६ मध्ये ईडीने अटक केली. मे २०१८ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि २०१९ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याने त्यांना पुन्हा आमदार केलं. समर्थक म्हणाले, जनतेने निर्दोष ठरवलं. हे मला मान्य नाही. निर्दोषत्व ठरवणं हे मतपेटीचं कामच नव्हे. सदन प्रकरणात न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं ते सप्टेंबर २०२१ मध्ये. मग आरोप असलेल्यांना उभंच राहू देऊ नये का? तसा नियम असता, तर पुढे दोषमुक्त झालेला माणूस आधीच बाद झाला असता, आणि खोटा गुन्हा नोंदवणं हे विरोधकांचं सोपं हत्यार ठरलं असतं. म्हणूनच कायदा दोन वर्षं वा अधिक शिक्षेवर अपात्रता आणतो. काही गुन्ह्यांत त्याहून कमी शिक्षाही पुरते. तोवर मतदाराच्या हाती उमेदवाराचं शपथपत्र असतं. गुन्हा क्रमांक, कलमं, न्यायालय, आरोपनिश्चिती झाली की नाही, सगळं त्यात असतं, जरूर वाचावं. खरा घात होतो तो विलंबाने. सिन्नरचे नेते माणिकराव कोकाटे यांना सरकारी कोट्यातल्या सदनिका खोट्या कागदपत्रांवर घेतल्याच्या १९९५ च्या प्रकरणात नाशिकच्या न्यायालयाने दोषी ठरवलं फेब्रुवारी २०२५ मध्ये. त्यावर अपील झालं, पण मधल्या काळात ते अनेकदा निवडून आले होते आणि प्रत्येक वेळी मतदाराने निकालाविनाच मत दिलं होतं.