फितीवरचे जोड : फ्रेंच प्रयोगशील संगीताचे संकलन

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये जे प्रयोगशील संगीत रचले गेले त्याचे संकलन करणे हे बाहेरून पाहणाऱ्याला रसिकतेने केलेल्या निवडीचे काम वाटते, आणि शेवटी निवड करावी लागते हेही खरेच. पण संकलकाचे बहुतेक श्रम त्याआधीच्या एका प्रश्नात खर्ची पडतात. कानावर पडणाऱ्या आवाजातला कोणता अंश रचनाकाराने जाणूनबुजून ठेवलेला आहे आणि कोणता ध्वनिफितीच्या वार्धक्याने किंवा तबकडीच्या झिजेने त्यात मिसळला आहे, हा तो प्रश्न होय. वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या सिंफनीच्या बाबतीत शंका आली की स्वरलिपी उघडून पाहता येते. येथे स्वरलिपी बहुधा नसतेच. फीत हीच कृती असते.

याचे मूळ पिएर शेफेर यांच्या कामात आहे. फ्रेंच नभोवाणीत अभियंता असलेल्या शेफेर यांनी आगगाडीची इंजिने, भांडी, पियानो अशा ध्वनिमुद्रणांतून पाच छोट्या रचना सिद्ध केल्या आणि ५ ऑक्टोबर १९४८ रोजी त्या नभोवाणीवरून प्रसारित झाल्या. मुद्रित केलेला प्रत्यक्ष ध्वनीच कच्चा माल मानून त्याला कापणे, उलटा फिरवणे, त्याचा वेग बदलणे आणि पुन्हा जोडणे या पद्धतीला त्यांनी ‘म्युझिक काँक्रेत’, म्हणजे मूर्त संगीत, असे नाव दिले. १९५८ साली त्यांनी स्थापन केलेला ‘ग्रुप द रशेर्श म्युझिकाल’ हा संशोधकगट सरकारी नभोवाणीच्या छत्राखाली काम करत होता, आणि १९६६ पासून त्याची धुरा फ्रांस्वा बेल यांच्याकडे आली. शेफेर यांचे जुने सहकारी पिएर आंरी १९५८ मध्येच बाहेर पडून स्वतःच्या स्टुडिओत काम करू लागले होते. १९६७ साली नृत्यरचनाकार मोरिस बेजार यांच्यासाठी मिशेल कोलोंबिए यांच्या जोडीने त्यांनी केलेली ‘मेस पूर ल तां प्रेझां’ ही रचना आविन्याँच्या महोत्सवात सादर झाली, आणि तिच्यातल्या ‘प्सिशे रॉक’ या तुकड्यात इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणि रॉक संगीत एकत्र आले. प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे संगीत परस्परांना ऐकू लागल्याची ही खूण असल्यामुळे त्या काळाच्या संकलनात या रचनेला टाळता येत नाही.

संकलकाच्या टेबलावर जे रीळ येते ते पाव इंच रुंदीच्या फितीचे असते. अशा स्टुडिओंमध्ये फितीचा वेग साधारणपणे सेकंदाला ३८ सेंटिमीटर असे, त्यामुळे वीस मिनिटांची रचना म्हणजे सुमारे ४५६ मीटर फीत होते आणि एक दशांश सेकंदाचा ध्वनी जवळपास चार सेंटिमीटर लांबीचा, बोटांच्या चिमटीत धरता येईल असा, वस्तुरूप होतो. संपूर्ण फीत ठिकठिकाणी पात्याने कापून चिकटपट्टीने जोडलेली असते आणि प्रत्येक जोडाचा कोन अर्थपूर्ण असतो. फीत तिरकी कापली तर नवा ध्वनी आधीच्यात मिसळत येतो, आणि काटकोनात कापली तर तो एकदम आदळतो. घंटेच्या नादाचा पहिला आघात छाटून टाकला की उरलेला नाद घंटेचा वाटतच नाही, हे शेफेर यांनी सुरुवातीच्या प्रयोगांतच दाखवून दिले होते, आणि पुढच्या पिढीने हाच परिणाम पात्याने साधत पाते वाद्यासारखे वापरले. पन्नासाहून अधिक वर्षांनंतर चिकटपट्टीचा गोंद सुकतो किंवा पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटतो, यंत्रावर चढवताच जोड सुटू लागतात, आणि मग प्रत्येक जोड त्याच जागी, त्याच कोनात, मिलिमीटरही न गमावता नव्या पट्टीने सांधावा लागतो. हे काम कंटाळवाणे म्हणून कोणा शिकाऊ मदतनीसाकडे सोपवण्याची पद्धत आढळते. ती चुकीची आहे, कारण जोड सांधणाराच त्या रचनेचे व्याकरण सर्वांत जवळून पाहत असतो.

याहून नाजूक अडचण प्रतिध्वनीची असते. गुंडाळलेल्या फितीचे वेढे एकमेकांवर दाबून बसतात आणि एका वेढ्यावरचा मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर फिकट चुंबकीय ठसा उमटवतो, त्यामुळे तो आवाज प्रत्यक्ष येण्याच्या थोडा आधी त्याची सावली ऐकू येते. आता ही सावली रचनाकाराने योजलेली पूर्वसूचना समजावी की साठवणुकीचा दोष? मूर्त संगीतात दोन्ही शक्य असतात आणि नुसत्या कानाने त्यांचा निवाडा होत नाही, मात्र भूमितीने होतो. रिळाच्या बाहेरच्या भागात, वेढ्याचा व्यास वीस सेंटिमीटर असेल तिथे, एक वेढा सुमारे त्रेसष्ट सेंटिमीटरांचा भरतो, म्हणून ही सावली मूळ आवाजाच्या दीड सेकंदाहून थोडी अधिक आधी येते. फीत उलगडत बारा सेंटिमीटर व्यासापर्यंत आली की हेच अंतर एका सेकंदावर उतरते. अंतर असे रिळाच्या व्यासाबरोबर आक्रसत गेले तर तो ठसा असतो, आणि रचनाकाराने योजलेला प्रतिध्वनी रिळाच्या व्यासाची पर्वा करत नाही. फीत वाजवण्यापूर्वी काही वेळा पुढे-मागे गुंडाळली की ठसा थोडा ओसरतो. त्यानंतर जे उरते ते पुसण्याऐवजी तसेच ठेवणे बहुतेक वेळा अधिक प्रामाणिक ठरते.

सरकारी छत्राबाहेरच्या संगीताची कथा वेगळी आहे. पिएर बारू यांची ‘सारावा’, १९६९ साली पुढे आलेली ‘बी.वाय.जी.’ आणि जेरार तेरोनेस यांची ‘फ्युतुरा’ अशा छोट्या कंपन्यांनी मुक्त जॅझ, गाणे आणि गोंगाट यांची सरमिसळ असलेल्या तबकड्या काढल्या; ब्रिजित फोंतेन यांनी शिकागोच्या ‘आर्ट एन्सेंबल’सोबत मुद्रित केलेली ‘कोम आ ला राडियो’ ही त्यांपैकी सर्वांत सुंदर तबकडी आहे. या वर्गातल्या पुष्कळ मुद्रणांच्या मूळ फिती मिळत नाहीत, मग तबकडीवरूनच ध्वनी उतरवून घ्यावा लागतो, आणि तिथे खरखर काढून टाकणारी संगणकीय साधने मोठे नुकसान करतात. त्या साधनांना क्षणिक, टोकदार आवाज म्हणजे ओरखडा एवढेच कळते. पण ज्या संगीतात खुट्ट आवाज, करकर आणि फितीचा झटका हीच सामग्री आहे, तिथे ती रचनेचाच लचका तोडतात. यावरचा उपाय जुना आणि वेळखाऊ आहे. वेगवेगळ्या वेळी छापलेल्या दोन प्रती घेऊन त्या एकाच जागी ऐकायच्या, आणि खुट्ट आवाज दोन्हींत असेल तर तो मूळ मुद्रणातला आहे असे मानून राखायचा, एकाच प्रतीत असेल तरच हाताने, त्या जागेपुरता, दुरुस्त करायचा.

एवढे झाल्यावर निवडीचा प्रश्न उभा राहतो, आणि त्यातली खरी कसोटी लांबीची असते. ल्युक फेरारी यांनी युगोस्लाव्हियातल्या कोर्चुला बेटावर, समुद्रकाठच्या गावात, रोज पहाटेचे आवाज मुद्रित केले आणि त्यांतून १९७० पर्यंत ‘प्रेस्क रियँ’, म्हणजे ‘जवळजवळ काहीच नाही’, ही सुमारे एकवीस मिनिटांची रचना साकारली. होडीचे इंजिन, माणसांचे बोलणे, गाढव, कोंबडे आणि अखेरीस सारे व्यापून टाकणारी रातकिड्यांसारख्या किड्यांची किरकिर, एवढेच त्यात ऐकू येते. संकलनात तिची चार मिनिटे घेऊन आवाज हळूहळू मिटवून टाकण्याचा मोह होतो, परंतु ही रचना वेळ जाऊ देण्यावरच उभी आहे, आणि तिचे चार मिनिटांचे रूप कोणत्याही पर्यटनस्थळी मुद्रित केलेल्या पहाटेहून वेगळे उरत नाही. दहा रचनांची तोंडओळख करून देण्यापेक्षा तीन रचना पूर्ण द्याव्यात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान तुकडा हा तुकडा असल्याचे शीर्षकातच लिहावे. आवाजाच्या पातळीबाबतही हेच सांगता येईल. ‘प्सिशे रॉक’च्या शेजारी फेरारींची पहाट ठेवून दोन्ही सारख्या जोरात वाजवल्या तर पहाटेची शांतता नाहीशी होते, त्यामुळे त्यांना वेगवेगळ्या बाजूंवर ठेवणे अधिक योग्य.

निवडीत कोण राहून जाते याकडेही पाहावे लागते. बेआत्रिस फेरेरा यांची १९६७ ची ‘दमर आक्वातिक’ आणि पिएर आंरी यांच्या सहायक असताना एलियान रादिग यांनी ध्वनिक्षेपक-ग्राहकांच्या प्रत्याभरणातून, म्हणजे ध्वनी पुन्हा स्वतःतच शिरून उठणाऱ्या गुंजनातून, केलेल्या त्याच काळातल्या रचना संकलकांनी कित्येक दशके बाजूला ठेवल्या होत्या. रादिग यांच्या त्या वेळच्या फिती कोणत्याही कंपनीच्या यादीत नव्हत्या, त्या त्यांच्या स्वतःजवळ होत्या. छापील सूच्यांवर विसंबणाऱ्याला त्या सापडण्याचे कारणच नव्हते.

हक्कांचा भाग रुक्ष वाटला तरी त्यावाचून काहीच प्रसिद्ध करता येत नाही. रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे टिकतो, म्हणून २००५ साली निवर्तलेल्या फेरारींच्या रचनांसाठी २०७५ अखेरपर्यंत परवानगी लागेल. ध्वनिमुद्रणाचा हक्क याहून निराळा असतो. २०११ च्या युरोपीय निर्देशानंतर तो प्रकाशनापासून सत्तर वर्षांचा झाला, त्यामुळे १९६८ ची तबकडी २०३८ अखेरपर्यंत संरक्षित आहे. त्याच निर्देशात अशीही तरतूद आहे की पन्नास वर्षांनंतर निर्मात्याने मुद्रण पुरेशा प्रमाणात उपलब्ध ठेवले नाही, तर कलावंत त्याला सूचना देऊन आणि वर्षभर वाट पाहून करार संपुष्टात आणू शकतो. बंद पडलेल्या छोट्या कंपन्यांच्या वारसांचा शोध घेत बसलेल्या संकलकाने म्हणूनच आधी वादकांना गाठावे.

सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक रचनेची तीन वर्षे, म्हणजे रचनेचे, पहिल्या सादरीकरणाचे आणि प्रकाशनाचे, स्वतंत्रपणे नोंदवावीत, कारण या काळात ती क्वचितच जुळतात. ध्वनी कोणत्या पिढीच्या फितीवरून किंवा तबकडीवरून घेतला, फीत कोणत्या वेगाने वाजवली, कोणते दोष दुरुस्त केले, हेही तिथे यावे, आणि शंकास्पद खुट्ट आवाज जिथे मुद्दाम राखला असेल तिथले मिनिट व सेकंदही द्यावेत.