इसबगोलाचा भुसा : रेचक की आहारातील चोथा ?

पुण्यातील औषधांच्या दुकानांत इसबगोलाचा भुसा सर्वत्र मिळतो आणि बद्धकोष्ठतेवर तो रात्री पाण्यातून वा दुधातून घेण्याची रीत घरोघरी आहे. ह्या रूढीमुळे तो केवळ रेचक म्हणून ओळखला जातो. वस्तुतः सोनामुखीप्रमाणे आतड्यास उत्तेजित करणारे हे द्रव्य नसून तो आहारातील चोथ्याचा एक विशिष्ट प्रकार होय. हा भेद ध्यानी न घेतल्यास त्याच्याविषयी भलत्याच अपेक्षा बाळगल्या जातात व प्रसंगी अपायही संभवतो.

इसबगोल (प्लांटॅगो ओव्हाटा) हे रब्बी पीक मुख्यतः गुजरात व राजस्थान येथे होते; उत्तर गुजरातेतील ऊंझा व सिद्धपूर ही त्याच्या प्रक्रियेची प्रमुख ठिकाणे आहेत. हे नाव फारसी असून बीच्या आकारावरून त्याचा अर्थ ‘घोड्याचा कान’ असा होतो. बीवरील पातळ साल म्हणजेच भुसा. बीच्या वजनात त्याचा वाटा सुमारे चतुर्थांश असतो.

ह्या सालीतील श्लेष्मल द्रव्य ही अरॅबिनोझायलन नावाची बहुशाखीय शर्करा आहे. मानवी पाचकरसांनी तिचे विघटन होत नाही. मात्र ती विपुल पाणी धरून ठेवते. युरोपीय औषधकोशाच्या मानाप्रमाणे १ ग्रॅम भुसा फुगून किमान ४० मिलिलिटर व्हावा लागतो. हे पाणी मोठ्या आतड्याच्या अखेरपर्यंत टिकते. म्हणून कठीण मल मऊ होतो, तर पातळ मलास घट्टपणा येतो. एकाच द्रव्याचे हे परस्परविरुद्ध भासणारे परिणाम ह्या एकाच गुणधर्मातून निघतात.

लहान आतड्यात हाच बुळबुळीत लगदा शर्करेचे शोषण मंदावतो आणि पित्ताम्ले स्वतःबरोबर बाहेर नेतो. ती भरून काढण्यासाठी यकृतास रक्तातील कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते. ह्याच आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली, रोज ७ ग्रॅम विद्राव्य चोथा मिळेल इतका भुसा (सुमारे १० ग्रॅम) हृद्‌रोगाचा धोका कमी करण्यास साहाय्यक ठरू शकतो, असे विधान करण्यास अनुमती दिली.

पुणेकरांना हा प्रश्न दूरचा नाही. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभारांक २२.३ च होता. परंतु शरीरातील मेद याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के, तर युडकिनांमध्ये ९.१ टक्के आढळला. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयासही मधुमेहाचा धोका का असतो, हे त्यावरून उमगते.

तथापि भुसा हा भाकरी, उसळ व पालेभाजी ह्यांचा पर्याय नव्हे. त्यांतील चोथ्याचा बराच भाग मोठ्या आतड्यातील जंतू आंबवितात व त्यातून आतड्याच्या अस्तरास पोषक अशी लघुशृंखल मेदाम्ले निर्माण होतात. इसबगोल फारसा आंबत नाही. शिवाय त्यातून प्रथिने वा खनिजे अशी मिळत नाहीतच.

भुसा भरपूर पाण्यासह व ताबडतोब प्यावा. कोरडा वा अपुऱ्या पाण्यातून घेतल्यास तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. गिळण्यास त्रास होणाऱ्यांनी व आतड्यात अडथळा असणाऱ्यांनी तो वर्ज्य करावा. इतर औषधांचे शोषण घटू नये म्हणून त्यांत व भुशात सुमारे दोन तासांचे अंतर असावे. मधुमेहाच्या रुग्णांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा. सारांश, ताटातील चोथा आधी, भुसा त्यास पूरक, हाच क्रम शास्त्रास धरून आहे.