सात स्वर, सहा तारा, चार बोटं

जी थर्टीन्थ या कॉर्डमध्ये कागदावर सात स्वर असतात. गिटारला तारा सहा, दाबायला बोटं चार! म्हणून जॅझ गिटारवादक आधी काय वगळायचं ते ठरवतो. बहुतेकदा पाचवा स्वर पहिला जातो. सोबत बास असेल तर मूळ स्वरही सोडता येतो. तिसरा आणि सातवा मात्र हवेतच, कॉर्डची ओळख त्यांच्यातच असते.

गिटार हातात घेऊनच पाहा. पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर आणि दुसरीवर पाचवा: ही डी मायनर नाइन्थ. आता मूळ स्वर सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्या आणि तिसऱ्या तारेवरचं बोट एक फ्रेट मागे घ्या. झाली जी थर्टीन्थ! उरलेले दोन स्वर जागचे हललेसुद्धा नाहीत. जॅझचा तो रेशमी प्रवाह येतो तो इथून.

इन्व्हर्जन म्हणजे स्वर तेच, पण तळाला वेगळा. सी मेजर सेव्हन्थचे सी, ई, जी, बी ओळीने वाजवताना बोटं फार ताणावी लागतात. वरून दुसरा स्वर, म्हणजे जी, एक सप्तक खाली आणला की वरच्या चार तारांवर पाच, पाच, पाच, सात असा सुटसुटीत आकार मिळतो. यालाच ‘ड्रॉप टू’ म्हणतात. पुढचं इन्व्हर्जन त्याच तारांवर नऊ, नऊ, आठ, आठ.

काउंट बेसीच्या वाद्यवृंदात 1937 पासून वाजवणारे फ्रेडी ग्रीन तर अनेकदा दोन-तीन स्वरांतच भागवत. नवशिक्यांनी सुरुवात त्यांच्यापासून करावी.